जो, जी, जे आणि इंग्रजीतले हू, विच, दॅट

आजच्या भागात आम्ही इंग्रजीतल्या चार-पाच लहान शब्दांबद्दल बोलणार आहोत. हू, विच, दॅट, हूज आणि हूम. शब्द एवढेएवढे आहेत, पण मुलांच्या पुस्तकात आणि बँकेच्या कागदात ते ओळीओळीला भेटतात. त्यातला कोणता कुठे वापरायचा, यात शिकलेलेसुद्धा अडखळतात. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. नसेल तरी हरकत नाही. भाकऱ्या थापता थापता ऐकलं तरी कळेल, असंच सांगतो.

तुम्ही म्हणाल, हे व्याकरण आपल्याला कशाला? दोन कारणं आहेत. पहिलं कारण आपली मुलं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मूल वरच्या वर्गात गेलं की हे शब्द येतात आणि ते आईला विचारतं, "आई, इथे हू की विच?" दुसरं कारण आपल्या सहीचं. कर्जाचा, विम्याचा, योजनेचा कागद इंग्रजीत आला, तर त्यातला फायदा कोणाला आणि अट कोणाला, हे बऱ्याचदा याच शब्दांनी ठरतं. हे शब्द ओळखता आले तर निदान कुठे बोट ठेवून विचारायचं, एवढं तरी कळतं.

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करू, कारण मराठीत हे सगळं आपण रोज बोलतो.

आपले शब्द बघा. कोण, जो, तो. कुठे, जिथे, तिथे. केव्हा, जेव्हा, तेव्हा. कसा, जसा, तसा. क, ज आणि त. "क"ने आपण विचारतो. "ज"ने दोन वाक्यं जोडतो. "त"ने बोट दाखवतो. आपल्या म्हणीसुद्धा ज आणि त च्या जोडीवर चालतात. ज्याचं जळतं, त्यालाच कळतं. जशी करणी, तशी भरणी. ज आला की मागोमाग त येणारच, बैलजोडीसारखा.

इंग्रजीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, तिथे "क" आणि "ज" यांना बहुतेक वेळा एकच शब्द आहे. हू म्हणजे कोण, आणि हू म्हणजेच जो. "हू इज शी?" यात हू म्हणजे कोण. "द वुमन हू केम यस्टरडे", म्हणजे जी बाई काल आली, यात हू म्हणजे जी. वाक्य विचारतंय की जोडतंय, हे बघितलं की कोणता अर्थ घ्यायचा ते कळतं.

दुसरी गोष्ट, इंग्रजीत "त" गळून पडतो. आपण म्हणतो, "जी मुलगी काल आली, ती माझी भाची आहे." इंग्रजीत म्हणायचं, "द गर्ल हू केम यस्टरडे इज माय नीस." यात "ती" कुठेच नाही. आपली मुलं मराठीच्या सवयीने मधे "शी" घालतात आणि "द गर्ल हू केम यस्टरडे, शी इज माय नीस" असं लिहितात. इथे मार्क जातात. मुलाच्या वहीत हू, विच नंतर उगाच आलेला ही, शी किंवा इट दिसला, तर तेवढ्यावर बोट ठेवा. तेवढ्याने पुष्कळ वाक्यं सुधारतात.

आणखी एक फरक. आपण ज चं वाक्य सहसा आधी बोलतो. इंग्रजीत माणूस किंवा वस्तू आधी येते आणि तिची ओळख सांगणारे शब्द तिच्या पाठीला चिकटून येतात. बाई आधी, "जी आली" नंतर. आपलं "काल आलेली मुलगी", "गटाने घेतलेलं कर्ज" असं बोलणं इंग्रजीत न्यायचं असलं की बऱ्याचदा हू, विच, दॅट लागतात.

आता शब्द निवडायचा कसा? एकेक प्रश्न विचारत जायचं.

पहिला प्रश्न: माणूस आहे की वस्तू?

मराठीत आपण लिंग बघतो. जो मुलगा, जी मुलगी, जे बाळ. पण माणूस आणि वस्तू असा भेद करत नाही. जो दगड आणि जो माणूस, दोन्हीला जो. इंग्रजीत उलट आहे. मुलगा असो, मुलगी असो, एक असो, दहा असोत, माणसाला हू. वस्तूला विच. आपण सरपंचबाईंना मान देऊन "ज्या आल्या, त्या" म्हणतो आणि लहान पोरीला "जी आली, ती". इंग्रजीत दोघींना एकच हू. तेवढं काम सोपं झालं.

उदाहरणं ऐका. "द नर्स हू गेव्ह द इंजेक्शन." ज्या नर्सने इंजेक्शन दिलं. नर्स माणूस, म्हणून हू. "द मशीन विच ग्राइंड्स चिलीज." जे यंत्र मिरच्या दळतं. यंत्र वस्तू, म्हणून विच.

मग शेळीचं काय? जनावराला सहसा विच किंवा दॅट. पण घरच्या जनावराला नाव ठेवलेलं असेल, माणसासारखं लाडाचं असेल, तर इंग्रजी बोलणारेही त्याला हू म्हणतात. आणि आपला बचत गट? गट ही एक संस्था, म्हणून "द ग्रुप विच" किंवा "द ग्रुप दॅट". पण गटातल्या बाया म्हणजे माणसं, म्हणून "द वुमन" असो की "द विमेन", पुढे हू.

दुसरा प्रश्न: मग दॅट कशाला?

दॅट हा दोघांनाही चालतो, माणसाला आणि वस्तूला. "द मशीन दॅट ग्राइंड्स चिलीज" हेही बरोबर. "द नर्स दॅट गेव्ह द इंजेक्शन" हेही चुकीचं नाही, पण माणसाला हू म्हणणं जास्त बरं दिसतं. ऑल, एव्हरीथिंग, नथिंग अशा शब्दांनंतर मात्र दॅटच शोभतो. "एव्हरीथिंग दॅट शी सेड." ती जे जे बोलली ते सगळं.

विच आणि दॅट यांच्यावरून इंग्रजीवाल्यांमध्येही वाद झाले आहेत. इंग्लंडमधले कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजीच्या वापरावर एक पुस्तक काढलं. त्यात त्यांनी सुचवलं, की नेमकी कोणती वस्तू हे सांगायचं असेल तिथे दॅट ठेवावा आणि नुसती जादा माहिती द्यायची असेल तिथे विच. अमेरिकेत संपादन करणारे बरेच जण आजही हे काटेकोर पाळतात. इंग्लंडमध्ये नेमकं सांगायलाही विच सर्रास चालतो. म्हणून मुलाने "द बुक विच आय बॉट" लिहिलं आणि पुस्तकाच्या मागे उत्तर "दॅट" दिलेलं असलं, तर त्याला रागावू नका. दोन्ही बरोबर आहेत.

पण एक जागा अशी आहे जिथे दॅट चालत नाही, आणि तीच जागा आपल्या कामाची आहे. स्वल्पविरामानंतरची.

तिसरा प्रश्न: आधी स्वल्पविराम आहे का?

मराठीत "जी मुलगी काल आली, ती माझी भाची" यात आपण मधे स्वल्पविराम देतो. तो श्वास घ्यायला. त्याने अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र हू किंवा विचच्या आधी स्वल्पविराम आहे की नाही, यावर अर्थ फिरतो.

घरातलंच उदाहरण घेऊ. "माय सिस्टर हू लिव्ह्ज इन सातारा इज अ टीचर." हे न थांबता वाचलं, स्वल्पविराम नाही. याचा अर्थ मला एकीपेक्षा जास्त बहिणी आहेत आणि त्यातली साताऱ्याची जी, ती शिक्षिका. आता थांबून ऐका. "माय सिस्टर, हू लिव्ह्ज इन सातारा, इज अ टीचर." इथे दोन स्वल्पविराम आहेत. याचा अर्थ बहीण एकच आहे. ती शिक्षिका आहे, आणि हो, राहते साताऱ्याला. साताऱ्याची गोष्ट जादा सांगितली. ती काढून टाकली तरी कोणती बहीण हे कळतंच.

म्हणजे स्वल्पविराम नसला की ते शब्द चाळणीचं काम करतात. सगळ्यांतून काही निवडून काढतात. स्वल्पविराम असला की चाळणी नाही, नुसती माहिती. आणि जादा माहितीच्या जागी दॅट कधीच बसत नाही. तिथे माणसाला हू आणि वस्तूला विच.

आता हेच कागदावर बघू. समजा, गटात दहा जणी आहेत. सात जणींनी सगळे हप्ते फेडले आहेत, तिघींचे बाकी आहेत. कागदावर लिहिलंय: "द मेंबर्स हू हॅव पेड ऑल इन्स्टॉलमेंट्स विल गेट अ न्यू लोन." स्वल्पविराम नाही, म्हणजे चाळणी आहे. ज्या सभासदांनी सगळे हप्ते फेडले, त्यांनाच नवं कर्ज. सात जणींना मिळेल, तिघींना नाही.

आता दुसरा कागद: "द मेंबर्स, हू हॅव पेड ऑल इन्स्टॉलमेंट्स, विल गेट अ न्यू लोन." शब्द तेच. पण हा कागद म्हणतो की सगळ्या सभासदांना कर्ज मिळेल, आणि सगळ्यांनी हप्ते फेडलेले आहेत. दहाच्या दहा जणी आत आल्या. पण त्याच वेळी तीन जणींबद्दल खोटी गोष्टही लिहिली गेली. उद्या कोणी तपासायला आलं तर गटाने खोटं लिहून दिलं असं म्हणेल. एवढ्याशा टिंबाच्या शेपटीने एवढा फरक.

हेही लक्षात ठेवा, की लिहिणारा घाईत असतो. स्वल्पविराम मुद्दाम टाकला की सवयीने पडला, हे कागदाकडे बघून कळत नाही. म्हणून आपण स्वतः अर्थ ठरवून मोकळं व्हायचं नाही. विचारायचं. "साहेब, हे सगळ्यांना आहे की ज्यांनी फेडलंय त्यांनाच?" एवढाच प्रश्न. आणि उत्तर कागदावरच स्पष्ट लिहून घ्यायचं.

आता उरलेले दोन शब्द, हूज आणि हूम.

हूज म्हणजे ज्याचं, जिचं, ज्यांचं. "द वुमन हूज हज्बंड इज इल." जिचा नवरा आजारी आहे ती बाई. हा वस्तूलाही चालतो. "द हाउस हूज रूफ लीक्स", ज्या घराचं छप्पर गळतं. इथे मुलांची गल्लत होते ती स्पेलिंगची, कारण दोन शब्द कानाला सारखेच लागतात. डब्ल्यू, एच, ओ, एस, ई लिहिलं तर ज्याचं. डब्ल्यू, एच, ओ, मग वर लटकणारी खूण आणि एस लिहिलं, तर ते हू इज किंवा हू हॅज जवळ ओढून लिहिलेलं. तपासायची युक्ती सोपी आहे. त्या जागी हू इज म्हणून बघा. "द वुमन हू इज हज्बंड" असं काही बसत नाही. बसत नाही, म्हणजे पहिलं स्पेलिंग.

हूम म्हणजे ज्याला, जिला. बोलताना इंग्रज लोकही आता हूमच्या जागी हूच म्हणतात. पण टु, विथ, फ्रॉम, फॉर असे शब्द लगेच आधी असतील तर हूमच लागतो. "द वुमन फ्रॉम हूम वुई बाय मिल्क." जिच्याकडून आपण दूध घेतो ती बाई. हा शब्द तुम्ही पाहिलेला असेल. काही दाखल्यांच्या माथ्यावर असतं, "टु हूम इट मे कन्सर्न". म्हणजे, ज्याचा याच्याशी संबंध असेल त्याच्यासाठी. दाखला कोणा एकाच्या नावाने नाही, लागेल तिथे दाखवता येईल, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक लपलेला शब्द. इंग्रजीत कधीकधी हू, विच, दॅट बोललेच जात नाहीत. "द लोन वुई टूक", आम्ही घेतलेलं कर्ज. मधे दॅट होता, तो खाल्ला. वाचताना इथे गोंधळ होतो, कारण दोन नावं एकमेकांना चिकटलेली दिसतात. असं दिसलं की मधे मनातल्या मनात दॅट घालून वाचा. "द लोन, दॅट, वुई टूक." लगेच अर्थ उलगडतो.

पण तो शब्द सगळीकडे खाता येत नाही. पुढे दुसरी कर्ती असेल, वुई, शी, द बँक अशी, तरच. पुढे थेट क्रिया आली तर शब्द ठेवावाच लागतो. "द वुमन हू केम" यातला हू काढला तर "द वुमन केम" उरतं, म्हणजे बाई आली. "जी आली ती" हा अर्थ गेला. आणि जिथे स्वल्पविराम आहे, तिथेही शब्द खायचा नाही.

शेवटचा शब्द व्हॉट. याच्यात "जे" आणि "ते" दोन्ही पोटात असतात. "व्हॉट शी सेड इज ट्रू." ती जे बोलली, ते खरं आहे. म्हणून व्हॉटच्या आधी वस्तूचं नाव ठेवायचं नाही. "द बॅग व्हॉट यू गेव्ह" हे चूक. तिथे "द बॅग दॅट यू गेव्ह".

परत एकदा थोडक्यात सांगतो. माणूस असेल तर हू. वस्तू असेल तर विच. नेमकं निवडायचं असेल तर दॅट दोघांनाही चालतो. स्वल्पविरामानंतर दॅट नाही. ज्याचं, जिचं म्हणायला हूज. टु, विथ, फ्रॉमच्या पाठोपाठ माणसासाठी हूम. जे आणि ते एकत्र असतील तर व्हॉट. आणि मागून ही, शी, इट उगाच जोडायचा नाही.

आता गटाच्या बैठकीत खेळायला पाच वाक्यं देतो. गाळलेली जागा आली की शब्द सांगायचा.

पहिलं. द डॉक्टर, गाळलेली जागा, चेक्ड माय बेबी. ज्या डॉक्टरांनी माझं बाळ तपासलं. उत्तर हू. इथे स्वल्पविराम नाही, म्हणून दॅटही चुकीचा नाही.

दुसरं. द पंप, गाळलेली जागा, वुई बॉट इज न्यू. आम्ही घेतलेला पंप नवा आहे. उत्तर विच किंवा दॅट, आणि जागा रिकामी ठेवली तरी बरोबर, कारण पुढे वुई आहे.

तिसरं. द गर्ल, गाळलेली जागा, फादर इज अ टेलर. जिचे वडील शिंपीकाम करतात ती मुलगी. उत्तर हूज, ई वालं स्पेलिंग.

चौथं. माय मदर, स्वल्पविराम, गाळलेली जागा, लिव्ह्ज विथ अस, स्वल्पविराम, इज सेव्हंटी. माझी आई आमच्याकडे राहते, सत्तर वर्षांची आहे. उत्तर हू. आई एकच, कोणती आई हे निवडायचं नाही, म्हणून स्वल्पविराम हवा आणि दॅट नको.

पाचवं. गाळलेली जागा, शी सेड इज ट्रू. उत्तर व्हॉट.

मैत्रिणींनो, जाता जाता कागदाचं एक सांगायचं राहिलं. आम्ही हे शिकवतो म्हणून तुम्ही इंग्रजी कागद स्वतःच वाचून सही करावी, असं आमचं म्हणणं नाही. उलट आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्म वित्त कर्जांसाठी नियम काढले. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेलं कर्ज, ते सूक्ष्म वित्त कर्ज. अशा कर्जाचा करारनामा कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावा, असं त्या नियमांत आहे. कर्जाचं कार्डसुद्धा समजणाऱ्या भाषेत द्यायचं आहे. तेव्हा असं कर्ज घेताना कोणी इंग्रजी कागद पुढे सरकवला आणि "करा ताई सही, काही नाही त्यात" म्हणालं, तर मराठी प्रत मागा. मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

मराठी प्रत हातात आली की आपला ज आणि त शोधा. "ज्यांनी", "ज्या सभासदांनी", "ज्यांच्या नावे" असे शब्द आले की तिथे थांबा. त्या ज मध्ये आपण बसतो का? बसत असलो तर पुढचा त आपल्याला काय देतो आणि आपल्याकडून काय घेतो? इंग्रजीत हे काम हू करतो, मराठीत ज करतो. दोन्हीकडे प्रश्न एकच, यात आपण आहोत की नाही.

या आठवड्यात मुलांच्या पुस्तकातला एक धडा घ्या. त्यात हू, विच, दॅट किती वेळा आले ते मुलाला मोजायला सांगा आणि प्रत्येकाला मराठीत जो, जी की जे ते तुम्ही सांगा. तो इंग्रजी सांगेल, तुम्ही मराठी सांगाल. दोघांचाही अभ्यास होईल. जे वाक्य अडेल, ते कागदावर उतरवून गटाच्या बैठकीत आणा. पुढच्या भागात ती वाक्यं घेऊन बसू. तोवर नमस्कार.